गावाचं नाव लागत नाही? कोकणातल्या जुन्या खानेसुमाऱ्या वाचायला बसणाऱ्यांसाठी

आपलं मूळ गाव शोधत दापोलीकडे येणारी माणसं साधारण एकाच तऱ्हेने बोलायला सुरुवात करतात. पिशवीतून एक झेरॉक्स काढतात, एका शब्दावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "बाकी सगळं लागतं हो, गावाचं नाव तेवढं लागत नाही." कधी तो पणजोबांचा शाळेचा दाखला असतो, कधी कोतवाल पुस्तकातलं म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीतलं पान, कधी इंग्रजी अमदानीतल्या खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, छापील तक्त्याचा फोटो. गेली काही वर्षं मी अशी नावं लावायला मदत करतो. त्यातून जे शिकलो ते नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

सगळ्यात आधी सांगायची गोष्ट ही, की गावाचं नाव एकटं वाचायचं नसतं. त्याच्या शेजाऱ्यांसह वाचायचं. पुढे जे काही लिहिलं आहे ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

खानेसुमारीत काय मिळतं, काय मिळत नाही

अनेकांची समजूत असते की १८८१ किंवा १९०१ च्या खानेसुमारीत पणजोबांचं नाव, वय, घर असं सगळं सापडेल. तसं होत नाही. घरोघर फिरून भरलेल्या मूळ याद्या आपल्याकडे पाहायला मिळत नाहीत, आणि १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने त्या नोंदी गोपनीय ठेवल्या आहेत. आपल्या हाती लागतात ते छापलेले तक्ते. संपूर्ण देशात एकाच वेळी झालेली पहिली खानेसुमारी १८८१ ची, नंतर दर दहा वर्षांनी एक. १९५१ पासून जिल्हावार पुस्तिका निघू लागल्या आणि त्यांत गावागणिक आकडे मिळतात. या पुस्तिका जनगणना खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतात.

मग उपयोग काय? उपयोग असा की माणसाचं नाव आपल्याला दुसऱ्या कागदावर मिळतं आणि त्या कागदावरचं न लागणारं गाव या याद्यांवर घासून पाहता येतं. दाखला, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंद, जुना फेरफार, खोतीच्या वेळचे कागद, हे एका हातात ठेवायचे. दुसऱ्या हातात तालुक्याच्या गावांची यादी. एक कोडं, दुसरी त्याची किल्ली.

आधी जिल्हा आणि तालुका त्या वेळचा लावा

इथे चुकलात तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात, म्हणून अक्षरांना हात घालण्याआधी हे करा.

आजचा सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं तेही १९८१ सालीच. पालघर तर २०१४ चा, त्याआधी ती गावं ठाण्यात. म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्ला या तालुक्यांची गावं १९६१ च्या रत्नागिरी पुस्तिकेत शोधायची. वैभववाडी, दोडामार्ग, तळा ही नावं तालुका म्हणून जुन्या याद्यांत शोधूच नका.

याहून मोठी अडचण संस्थानांची. सावंतवाडी, जंजिरा, जव्हार ही संस्थानं १९४८ ला विलीन झाली. त्याआधीच्या खानेसुमारीत त्यांचे आकडे वेगळे छापलेले असतात. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड ही गावं जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखातली. कुलाबा जिल्ह्याच्या १९०१ च्या तक्त्यात श्रीवर्धन सापडत नाही म्हणून निराश झालेले लोक मी पाहिले आहेत. ते गाव तिथे असणारच नव्हतं.

त्याहून जुन्या कागदांत दापोलीच्या भागाला सुवर्णदुर्ग आणि गुहागर-चिपळूणच्या बाजूला अंजनवेल म्हटलेलं आढळतं, कारण कारभार किल्ल्यावरून चाले. विजयदुर्गाला इंग्रज घेरिया म्हणत, बाणकोटच्या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया. दापोलीला इथली जुनी माणसं अजूनही काप दापोली म्हणतात. काप म्हणजे कॅम्प, गोऱ्यांची छावणी. एखाद्या कागदात नुसतं 'काप' दिसलं तर ते कुठलं वेगळं खेडं समजू नका.

नावाला चिकटलेले तुकडे सोडवा

जुन्या नोंदीत गावाच्या नावाआधी आणि नंतर बरंच काही असतं, आणि नवखा माणूस ते सगळं नावातच धरतो. 'मौ॥' म्हणजे मौजे, अर्थात गाव, 'क॥' म्हणजे कसबे, 'प॥' म्हणजे परगणे. दोन दांड्या दिसल्या की शब्द तोडून लिहिला आहे हे ओळखावं. 'ता' पुढे दांडी असेल तर ते तालुका असेलच असं नाही, बऱ्याचदा तर्फ असतं.

तर्फ म्हणजे तालुक्याखालचा गावांचा गट. हा शब्द कोकणात फार महत्त्वाचा. एका नावाची दोन-तीन गावं असली की ती तर्फेवरून वेगळी ओळखायची. महाड तालुक्यात नडगाव तर्फ बिरवाडी आहे आणि नडगाव तर्फ तुडीलही आहे. पालघरकडे नांदगाव तर्फ तारापूर आणि नांदगाव तर्फ मनोर. खानेसुमारीच्या इंग्रजी यादीत या तर्फेचं नुसतं 'टी' आणि टिंब उरतं. तसंच 'के-एच' आणि टिंब म्हणजे खुर्द, 'बी-के' म्हणजे बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं. पण आज कुठल्या गावाची वस्ती जास्त आहे यावरून खुर्द-बुद्रुक ठरवायला जाऊ नका, शे-दोनशे वर्षांत वस्ती इकडची तिकडे झालेली असते.

'घेरा' हा असाच शब्द. घेरा रसाळगड, घेरा सुमारगड, घेरा पूर्णगड ही गावांचीच नावं आहेत, किल्ल्याच्या भोवतालची वस्ती. यातला 'घेरा' फिका पडला की मागे नुसता किल्ला उरतो आणि माणूस किल्ल्यावर वंशज शोधत बसतो.

शाळेच्या दाखल्यावरचं 'मु.' आणि 'पो.' वेगळं वाचा. मु. म्हणजे मुक्काम, ते तुमचं गाव. पो. म्हणजे पोस्ट, ते टपालाचं गाव, कोस-दोन कोसांवरचंही असू शकतं. पो. पुढचं नाव ठळक आणि ओळखीचं असतं, मु. पुढचं फिकं, म्हणून लोक पो. पुढच्यालाच मूळ गाव धरून बसतात.

हाताने लिहिलेलं देवनागरी आणि मोडी

बाळबोध अक्षरात लिहिलेल्या नोंदीत काही जोड्या हमखास फसवतात: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष. 'ख' सुटा लिहिला की 'रव' दिसतो. एखादं अक्षर संशयाचं वाटलं तर त्याच पानावर, त्याच हाताने लिहिलेला, तुम्हाला नक्की ठाऊक असलेला शब्द शोधा. महिन्याचं नाव, 'कुणबी', 'मराठा', 'भंडारी' असे जातीचे शब्द, 'शेती', 'मयत', हे पानोपानी येतात. कारकुनाचा 'भ' कसा आहे ते 'भंडारी'वरून कळतं, मग गावाच्या नावातला 'भ' आपोआप लागतो.

मोडीत आणखी एक पायरी वाढते. ओळ आधी आखून घेतलेली, अक्षरं तिला लटकलेली, शब्दांत जागा सोडलेली नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. म्हणून मोडी कागदातून 'मुरुड' की 'मुरूड' हा वाद काढूच नका. गावाचं नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हाच खरा प्रश्न असतो, आणि तिथे 'मौजे' हा शब्द खुंटीसारखा उपयोगी पडतो. तो सापडला की नाव त्याच्या लगेच पुढे.

जुन्या छापील आणि लिहिलेल्या मराठीत नावांच्या शेवटी अनुस्वार भरपूर दिसतील: आचरें, वेंगुर्लें, साखरपें. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनंतर न उच्चारले जाणारे हे अनुस्वार गेले. त्या टिंबाला शाईचा डाग समजून सोडू नका. त्यावरून नाव एकारान्त आहे हे कळतं. आज आपण वेंगुर्ला म्हणतो, आचरा म्हणतो, पण आडनाव वेंगुर्लेकर आणि आचरेकर असंच राहिलं आहे. गावाच्या नावाचं जुनं रूप आडनावात जपून राहतं. म्हणून नाव लागत नसेल तर त्यापुढे 'कर' लावून मोठ्याने म्हणून बघा. कानाला ओळखीचं आडनाव ऐकू आलं तर निम्मं काम झालं.

रोमन अक्षरांतली यादी

खानेसुमारीचे बहुतेक तक्ते इंग्रजीत आहेत, आणि इंग्रजीत आपले कितीतरी वर्ण एकमेकांत मिसळून जातात. 'डी' म्हणजे द किंवा ड, 'टी' म्हणजे त किंवा ट, 'एन' म्हणजे न किंवा ण, 'एल' म्हणजे ल किंवा ळ, आणि 'ए' म्हणजे अ किंवा आ. दापोली तालुक्यातलं एक गाव घ्या, इंग्रजीत पी-ए-डी-एल-ई. पहिल्या 'ए'ची दोन वाचनं, 'डी'ची दोन, 'एल'ची दोन. म्हणजे पाच अक्षरांतून आठ नावं निघतात: पडले, पाडले, पदले, पादले, पडळे, पाडळे, पदळे, पादळे. गावाला विचारलं तर एकच उत्तर येतं, पाडले. शहरात बसून कितीही विचार केला तरी हे कळत नाही.

यासाठी आज एक चांगली सोय आहे. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढताना जिल्हा आणि तालुका निवडला की त्या तालुक्यातल्या सगळ्या गावांची मराठी यादी उघडते. इंग्रजी नावाची सगळी वाचनं कागदावर लिहा आणि त्या यादीत कुठलं बसतं ते बघा. बहुतेक वेळा एकच बसतं.

सन जितकं मागे जाल तितकी स्पेलिंगं बदलतात. आपली नावं रोमन अक्षरांत लिहिण्याची हंटर यांची पद्धत १८७० च्या दशकात सरकारी कामात रूढ होण्याआधी साहेब कानाला ऐकू येईल तसं लिहीत. ऊसाठी दोन 'ओ', ईसाठी दोन 'ई', आणि अ या स्वरासाठी 'यू'. म्हणून जुन्या कागदांत रत्नागिरी 'आर-यू' ने सुरू होते आणि चिपळूणच्या शेवटी दोन 'ओ' असतात. तेव्हा १८६० च्या आसपासच्या कागदात 'यू' दिसला तर तो उकार धरण्याआधी अ धरून वाचा.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात, म्हणजे जिल्ह्यांची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांत, याच्या उलट काळजी घेतलेली दिसते. रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. त्यात दीर्घ आ दाखवायला 'ए' वर तिरकी रेघ दिलेली असते. स्कॅन केलेल्या प्रतीत ती रेघ कचऱ्यासारखी दिसते, पण तिच्यामुळे 'अ' की 'आ' हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. खानेसुमारीच्या यादीत न लागलेलं नाव गॅझेटिअरात सापडलं तर त्या रेघेकडे नीट बघा.

यादी रोमन अक्षरक्रमाने लावलेली असेल तर पुसट नाव वरच्या आणि खालच्या नावात कोंडता येतं. समजा वर केळशी आहे आणि खाली कोळथरे, आणि मधल्या नावाचं फक्त शेवटचं '-न्द्रे' दिसतं आहे. क्रमाने मधल्या नावाची सुरुवात 'के-ई', 'के-एच', 'के-आय' किंवा 'के-ओ' अशी काहीतरी असणार, आणि 'के-ओ-एल' असेल तर पुढचं अक्षर 'टी'च्या आधीचं. तालुक्याच्या यादीत कोळबांद्रे डोळ्यांसमोर येतं. काही पुस्तिकांत गावं क्रमांकाने लावलेली असतात. तिथे ही युक्ती चालत नाही, पण क्रमांक टिपून ठेवा.

एकाच नावाची गावं

आता ज्या चुकीचं मला अजून वाईट वाटतं ती सांगतो. डोंबिवलीचं एक कुटुंब पणजोबांच्या नोंदीची प्रत घेऊन आलं होतं. मूळ गावाचा रकाना वहीच्या शिवणीला लागून होता. तिथे 'मुरड' असं दिसत होतं, तालुका दापोली. मी पटकन मुरूड सांगितलं. दापोलीपासून जवळ आहे, प्रसिद्ध आहे, शंकाच आली नाही. ते कुटुंब लहान मुलांना घेऊन मुरूडला दिवसभर फिरलं. त्यांचं आडनाव तिथे कुणी ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती प्रत खिडकीच्या उजेडात धरली. 'ड'च्या डोक्यावर एक वळण होतं. आदल्या दिवशी मी ते वरच्या ओळीतल्या उकाराची शेपटी समजून सोडून दिलं होतं. पण वरच्या ओळीत त्या जागी उकार असलेलं अक्षरच नव्हतं. ते वळण दीर्घ वेलांटीचं होतं आणि तिची उभी दांडी शिवणीत गेली होती. कारकुनाने रफार न देता 'मुरडी' असं सुटं लिहिलं होतं. आणि त्याच पानावर वरखाली कुठली गावं होती? आंजर्ले, आडे, पाडले. मुरूडच्या शेजारचं कर्दे नाही, आसूद नाही. आंजर्ल्याच्या जवळचं मुर्डी ते. गणितज्ञ रँग्लर परांजप्यांचं जन्मगाव. आणि महर्षी कर्व्यांचं घर मुरूडला. एकाच तालुक्यातली, एकमेकांच्या नात्यातली ही दोन थोर माणसं, आणि त्यांच्या गावांच्या नावांत एका वेलांटीचा फरक.

त्या दिवसापासून मी नियम केला. नाव कितीही स्पष्ट वाटलं तरी त्याच पानावरची निदान तीन दुसरी गावं काढायची आणि नकाशावर खुणा करायच्या. तलाठी, कोतवाल, शाळेचा मास्तर यांच्या वहीत आसपासचीच गावं जास्त येतात. खुणा एका भागात जमल्या तर तुमचं गावही तिथेच असण्याची शक्यता मोठी.

ही खबरदारी पुढच्या नावांच्या बाबतीत तर घ्यायलाच हवी. मुरूड दापोलीत आहे आणि जंजिऱ्याजवळही आहे. पाली सुधागडात आहे, गणपतीची, आणि दुसरी रत्नागिरी तालुक्यात. माणगाव रायगडात तालुक्याचं ठिकाण, आणि दुसरं कुडाळ तालुक्यात. शिरगाव रत्नागिरीत, चिपळुणात आणि देवगडात. दाभोळ बंदर दापोलीत आणि दाभोळे संगमेश्वरात. दाभोळेची शेवटची मात्रा कागदाच्या घडीत गेली की माणूस घाट उतरून थेट समुद्रावर पोचतो.

जन्मस्थान म्हणजे मूळ गाव नव्हे

हे थोडक्यात, पण विसरू नये. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. म्हणून नोंदीतलं जन्मस्थान बऱ्याचदा आजोळ असतं. कर्व्यांचंच बघा, जन्म खेड तालुक्यातल्या शेरवलीचा आणि घर मुरूडचं. जन्मस्थानाचं गाव नीट लागलं तरी तिथे तुमचं आडनाव सापडेलच असं नाही. सापडलं नाही तर वाचन चुकलं असं लगेच धरू नका.

वाडी, कोंड, पाखाडी

घरात आजीच्या तोंडी जे नाव असतं ते पुष्कळदा गावाचं नसतं, वाडीचं असतं. रत्नागिरी-रायगडाकडे कोंड, पाखाडी, मोहल्ला. मालवणीत भाट, टेंब. उत्तरेला पाडा. खानेसुमारी महसुली गाव मोजते, वाडी मोजत नाही. तेव्हा 'खालचा कोंड' यादीत नाही म्हणून ते गाव बुडालं असा निष्कर्ष काढू नका. आधी मौजे शोधा, वाडी नंतर ग्रामपंचायतीत विचारून मिळते. मात्र काही गावं खरोखरच बेचिराख झालेली असतात. यादीत त्यांच्यापुढे वस्तीचा आकडा नसतो, नाव मात्र राहतं.

फोन करण्याआधी

तुमचं वाचन वहीत लिहिताना दोन ओळी लिहा. पहिल्या ओळीत कागदावर जे दिसतं तेच, न दिसणाऱ्या अक्षरांच्या जागी टिंबं. दुसऱ्या ओळीत तुमचा अंदाज, पुढे प्रश्नचिन्ह. अंदाज एकदा खरा म्हणून लिहिला गेला की घरातली पुढची पिढी तोच पाठ करते, आणि मग मूळ कागद कुणी उघडत नाही.

गावात फोन लावाल तेव्हा तुम्हीच नाव सुचवू नका. "तुमच्याकडे अमुक आडनावाची घरं आहेत का?" असं विचारलं की माणसं भिडेखातर 'असतील' म्हणतात. त्याऐवजी विचारा, "तुमच्या शिवेला कुठली कुठली गावं लागतात?" त्यांनी सांगितलेली नावं तुमच्या पानावरच्या नावांशी जुळली तर आडनाव काढा. शिमग्याच्या किंवा गणपतीच्या दिवसांत फोन केला तर मुंबईचे चाकरमानीही घरी असतात आणि म्हातारी माणसं ओटीवर निवांत बोलतात.

ते डोंबिवलीचं कुटुंब पुढच्या शिमग्याला मुर्डीला गेलं. पालखी घराघरांत फिरत होती. मुलांच्या आईने एका घरासमोर उभं राहून आपलं आडनाव सांगितलं. ओटीवर बसलेल्या आजींनी वर बघितलं आणि विचारलं, "कुठल्या वाडीतले गो तुम्ही?"